खापरावरचं चॉकलेट

माझी नातसून रोज सकाळी मिक्सरमध्ये खजूर, भिजवलेले बदाम, दूध आणि दोन चमचे चॉकलेटची पूड फिरवते आणि उंच ग्लासात ओतून माझ्या हातात देते. "नानी, घरचं आहे, एकदम पौष्टिक," म्हणते. पोर मायेची आहे, म्हणून मी मुकाट्यानं पिते. पण 'चॉकलेट' आणि 'पौष्टिक' हे दोन शब्द एका दमात ऐकले की माझ्यापुढे एक बाई येऊन उभी राहते. अंगावर जॉर्जेटची साडी, डोळ्यांवर काळा चष्मा आणि हातात पत्र्याचा डबा. गेली साठ वर्षं मला त्या बाईची किळस आहे. लोक म्हणतात, म्हातारपणी माणूस माफ करायला शिकतो. शिकत असेल. मला अजून सवड झालेली नाही.

१९६२ साल. मी एकवीस वर्षांची होते. माझे वडील इकबाल मिस्त्री पांढरकवड्याला हमरस्त्यावर ट्रक दुरुस्त करायचे. नागपूरहून हैदराबादला जाणारा कोणताही ड्रायव्हर त्यांना ओळखायचा. मी सातवी झाले, ग्रामसेविकेचं ट्रेनिंग घेतलं आणि आमच्या मोहल्ल्यातली नोकरी करणारी पहिली मुलगी झाले. वडिलांनी मला एक जुनी सायकल नीट करून दिली आणि म्हणाले, "आयशा, चेन उतरली तर तेल लावायचं, दिमाग उतरला तर घरी यायचं." माझी नेमणूक दुसऱ्या ब्लॉकमध्ये झाली होती. त्या ब्लॉकचं नाव मी लिहीत नाही. ती माणसं गेली, पण त्यांची मुलं-नातवंडं आहेत, आणि त्यांचा काही दोष नाही.

माझ्याकडे धावजी नाईकाचा तांडा होता. जंगलाच्या कडेला बंजाऱ्यांची चाळीस घरं. त्यांचे पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. आता ही मंडळी कापूस आणि ज्वारी पिकवत होती. मी त्यांना बिनधुराच्या चुली शिकवायच्या, शोषखड्डे खणायला लावायचे आणि लेकरांची वजनं करायची, असं सरकारनं ठरवलं होतं. माझी नेमणूक कच्ची होती. सहा महिन्यांनी ब्लॉकच्या साहेबांनी चांगला शेरा दिला तरच ती पक्की व्हायची.

तांड्यात मला पहिल्या आठवड्यात दिसली ती मानी. रुपीबाईची नात. वय दोन वर्षं. तिच्या आईनं, धनीबाईनं, पुढचं लेकरू झाल्यावर हिचं अंगावरचं तोडलं होतं, आणि तेव्हापासून मानी ज्वारीच्या पातळ आंबिलावर होती. पावलं सुजलेली, केस तांबूस, तोंड सदा रडकं. हाक मारली तर मान वळवायची नाही. तिच्याआधी त्या घरातली दोन लेकरं अशीच सुजून गेली होती. रुपीबाई मला म्हणाली, "सेविकाबाई, हे तिसरं. हेबी गेलं तं मी तुह्या सरकारच्या चुलीत पाय घालतो."

मी कापसाच्या व्यापाऱ्याकडून आकड्याचा काटा मागून आणला. झोळी करून त्यात मानीला टांगलं. सहा किलो. दोन वर्षांचं लेकरू आणि सहा किलो.

ऑफिसकडून माझ्याकडे दुधाच्या भुकटीचा एक ड्रम आला होता. तो कोणत्या देशातून आला होता ते त्याच्यावर लिहिलेलं होतं, कसं कालवायचं तेही लिहिलेलं होतं, पण ते माझ्या कामाचं नव्हतं, कारण मला इंग्रजी येत नव्हतं. मला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं की एक वाटी भुकटी आणि चार वाट्या पाणी. मानी ते प्यायली आणि दोन दिवस तिचं पोट थांबलं नाही. रुपीबाईनं भांडं उचलून अंगणात पालथं केलं.

"असं पानी आमी बैलालेबी नाई पाजत," ती म्हणाली. "आता मी काय देतो ते पाय. अन् मधात बोलू नको."

तिनं गाडग्यातून मूठभर वाळलेली मोहफुलं काढली. चैतात झाडाखालून वेचून आणून, वाळवून ठेवलेली, मनुकांसारखी दिसणारी. त्यातले आतले बारीक धागे एकेक करून काढले. तेवढ्या कामात अर्धा तास गेला. मग चुलीवर मातीचं खापर ठेवलं आणि अगदी मंद आचेवर फुलं भाजायला घेतली. लाकूड आत सरकवायची, मागे ओढायची. फुलं आधी तांबडी झाली, मग काळपट. घरभर करपू घातलेल्या गुळासारखा, थोडा कडवट, थोडा गोड वास सुटला. मग तीळ भाजले. मग चारोळ्या आणि फुटाणे घेतले. सगळं उखळात घालून कुटलं आणि फडक्यातून चाळलं. तपकिरी, तेलकट, जडशी पूड निघाली. ताज्या शेळीच्या दुधात तिनं ती दोन चमचे घातली आणि रवीनं घुसळली. वर फेस आला.

मानीनं पहिल्यांदा माझ्यासमोर मान वळवली.

ती अख्खी वाटी प्यायली आणि वाटी परत पुढे केली. धनीबाई दारात उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. रुपीबाईनं मात्र सुनेकडे पाहिलंसुद्धा नाही. मला म्हणाली, "तुमच्या पुस्तकात हे नाई वाटते?"

"नाही."

"मंग कायचं पुस्तक हाय ते."

मी ते चाखलं. तेव्हापर्यंत मी चॉकलेट आयुष्यात एकदाच खाल्लं होतं. एका ड्रायव्हरनं हैदराबादहून आणून वडिलांना दिलेलं, उन्हानं वितळलेलं. त्याची चव मला आठवली. शपथेवर सांगते, यात आणि त्यात मला फरक कळला नाही. कळला असलाच तर हे जास्त चांगलं होतं.

तो दिवाळीचा सुमार होता. त्यानंतर दर सोमवारी मी काटा घेऊन जायची. सहा. सव्वासहा. पावणेसात. पौष संपता संपता साडेसात. पायांची सूज उतरली. मानी शेळीच्या मागे चालायला लागली आणि तिला शिव्या द्यायला शिकली. मी आनंदानं वेडी झाले आणि एक गाढवपणा केला. महिन्याच्या अहवालात वजनाचे आकडे लिहिले. आकडे कशानं वाढले ते लिहिलं नाही. तेव्हा दारूबंदी होती, मोह म्हटलं की ऑफिसला भट्टीच दिसायची, आणि माझी नोकरी कच्ची.

तो अहवाल साहेबांच्या घरी जेवणाच्या टेबलावर वाचला गेला.

बाईसाहेब म्हणजे साहेबांची बायको. त्यांचं सरकारात कोणतंही पद नव्हतं, पण जीप त्यांची होती, शिपाई त्यांचा होता आणि साहेबही त्यांचेच होते. मोठ्या शहरातून आलेल्या. ब्लॉकच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा. बिनधुराच्या चुलीवर भाषण करायच्या आणि स्वतःच्या घरात स्वयंपाकघर कोणत्या बाजूला आहे ते शिपायाला विचारायच्या. त्या माहेरी जाऊन आल्या तेव्हा चॉकलेटच्या पुडीचे डबे आणि अंडी फेटायचं हातानं फिरवायचं यंत्र घेऊन आल्या होत्या. एका मासिकात त्यांनी 'सकस चॉकलेट पेय' वाचलं होतं. आता ते खेड्यातल्या अडाणी भगिनींना शिकवायचं होतं, आणि फोटोसाठी त्यांना एक लेकरू हवं होतं.

शिपाई उकंडा जीपमधून मला न्यायला आला. वाटेत म्हणाला, "बाई, काल घरात ते केलतं. मलेबी देलं. कडू जहर. मी गुलाबाच्या झाडाले घातलं. आता झाडाचं काय होते ते पाहून राह्यलो."

बाईसाहेबांनी मला बसायला सांगितलं नाही.

"हे बघ आयशा, तुझी ती मुलगी. दीड किलो वाढली ना? छान. आता पुढचे पंधरा दिवस तिला फक्त हे द्यायचं. आपली भुकटी, पाणी आणि या डब्यातले दोन चमचे. बाकी काहीही नाही. पंधरा दिवसांनी मी येते, फोटोग्राफर येतो, यवतमाळचे पाहुणे येतात. मग आपण सांगू की ती यानं वाढली."

"पण बाईसाहेब, ती आधीच—"

"ती कशानं वाढली ते तू अहवालात लिहिलं नाहीस. का नाही लिहिलंस?"

त्या हसल्या.

"म्हणजे तुला माहीत नाही. आता माहीत झालं. साहेब तुझा शेरा पुढच्या महिन्यात लिहिणार आहेत."

मी डबा घेऊन तांड्यावर गेले. हे लिहिताना मला बाईसाहेबांपेक्षा माझीच लाज वाटते. रुपीबाई नेमकी चार दिवस ढाणकीला भावाकडे लग्नाला गेली होती. मी धनीबाईच्या हातात डबा ठेवला, भुकटी ठेवली आणि सरकारी आवाजात सांगितलं, "हे द्यायचं. सकाळ-संध्याकाळ. दुसरं काही नाही." धनीबाई मला घाबरायची. तिनं मान हलवली.

पाचव्या दिवशी रुपीबाई परतली आणि दुपारी माझ्या खोलीवर आली. तीन मैल चालत, मानीला कमरेवर घेऊन. मानीची मान तिच्या खांद्यावर पडली होती.

"तोल," ती म्हणाली.

मी तोललं. सात.

"साडेसात होती. मी गेलतो तवा साडेसात होती. सेविकाबाई, तू माही नात मारून राह्यली का?"

मी रडायला लागले. तिनं मला रडू दिलं. मध्ये एकदाही समजूत घातली नाही. मग मी तिला सगळं सांगितलं, डबा, फोटो, शेरा, सगळं. ती म्हणाली, "नोकरी तुही, अन् पोट माह्या नातीचं." एवढं म्हणून मानीला उचलून निघाली. दारातून वळून म्हणाली, "त्या दिवशी येतो मी पोरीले घेऊन. पन प्यायचं तं माहंच. तुह्या बाईच्या डब्यातलं ते थुंकते."

"तुझंच पाजू," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर तुझंच दाखवू."

हे मी बोलले. तिनं ऐकलं आणि ते खरं मानलं.

डब्याचं काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. धनीबाईनं ती पूड चहासारखी पाण्यात उकळली होती, फडक्यानं गाळली होती आणि खाली उरलेला चोथा टाकून दिला होता. चहाचं तसंच करतात, मग याचं वेगळं का करायचं? तिला कोणी सांगितलं होतं? रंग यावा म्हणून दर वेळी चमचा वाढवत गेली, आणि पाच दिवसांत डबा रिकामा. पंधरा दिवसांचा डबा. मी बाईसाहेबांना दुसरा मागू शकत नव्हते. त्यांनी कारण विचारलं असतं.

मग मी ते केलं. कार्यक्रमाच्या सकाळी रुपीबाईच्या उखळातली पूड त्या पत्र्याच्या डब्यात काठोकाठ भरली आणि झाकण दाबून बसवलं. लोट्यात शेळीचं दूध पाणी घालून, भुकटीचं वाटेल असं, तयार ठेवलं. रुपीबाई पाहत होती. तिला वाटलं, डबा म्हणजे भांडं. भांडं कोणतंही असो, आतलं तिचंच आहे.

धावजी नाईकाच्या घरापुढे निंबाखाली टेबल मांडलं होतं, त्यावर पांढरी चादर, काचेचे ग्लास, ते फेटायचं यंत्र. बाया आरशांच्या चोळ्या घालून, हातभर बलोये म्हणजे पांढऱ्या बांगड्या भरून येऊन बसल्या होत्या. त्यांना फोटो काढतात एवढंच कळलं होतं. साहेब एका खुर्चीवर, यवतमाळचे दोन पाहुणे दुसऱ्या खुर्च्यांवर. साहेब हा माणूस बायको बोलायला उभी राहिली की खिशातली पेनं मोजायचा. तेव्हाही मोजत होता.

"भगिनींनो," बाईसाहेबांनी सुरुवात केली, "तुमची मुलं अशक्त का असतात? कारण तुम्ही त्यांना काहीही खायला घालता."

मागून एक म्हातारी बंजारा बोलीत काहीतरी म्हणाली आणि बाया पदराआड हसल्या. मी रुपीबाईला हळूच विचारलं, काय म्हणाली?

"म्हने, आमी काईबी घालतो, अन् हे काईच नाई घालत, म्हणून हिले लेकरू नाई."

बाईसाहेबांनी डबा उघडला. नाक आत घातलं आणि डोळे मिटले. "अहाहा! घ्या वास. याला म्हणतात चॉकलेट. परदेशातली मुलं उगीच गुटगुटीत नसतात." डबा त्यांनी पाहुण्यांच्या नाकाखाली फिरवला. पाहुण्यांनीही डोळे मिटले. मी टेबलाशी उभी राहून पाहत होते. ही बाई इतके दिवस त्या डब्यांतलं पीत होती आणि खापरावर भाजलेला मोह नाकापाशी आला तरी तिला वेगळेपणा कळेना. तिला चव नव्हतीच. तिला फक्त डबा ओळखता यायचा.

यंत्र फिरलं. फेस आला. बाईसाहेबांनी ग्लास तोंडाला लावला तो संपवूनच खाली ठेवला. "आयशा, आज काय सुंदर झालंय! अजून दे." दुसराही संपवला. पाहुण्यांनी घेतलं, साहेबांनी घेतलं. उकंडानं जीपच्या आड उभं राहून तीन ग्लास रिचवले. त्याच्या तोंडावरून मला कळलं की त्यानं चव ओळखली आहे. तो लाडू खाल्ल्यासारखा हसत होता आणि एक अक्षर बोलत नव्हता.

मग मानीला पुढे आणलं. फोटोग्राफर काळ्या कापडात शिरला. मानीनं ग्लास दोन्ही हातांनी धरला, नाकाला फेस लावून घेतला आणि घटाघट प्यायली. बाया खूश होऊन हसल्या. रुपीबाईची मान उंच झाली. ती माझ्याकडे पाहत होती, की आता मी बोलेन.

बाईसाहेबांनी मानीच्या डोक्यावर हात ठेवला. "ही मुलगी मरायला टेकली होती. आज पाहा. दीड किलो वाढ! आणि ती कशानं? या डब्यातल्या चॉकलेटनं आणि आपल्या सरकारच्या दुधानं. आयशा, खरं ना?"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले.

"हो बाईसाहेब," मी म्हटलं.

रुपीबाई उठली. सावकाश उठली, गुडघ्यावर हात देऊन, आणि टेबलापाशी आली.

"कोन्या डब्यानं?"

"या, आजी. यानं."

"तो डबा तं माह्या सुनेनं कवाच संपवला. चहावानी उकळून, फडक्यानं गाळून. चोथा कोंबड्याइले टाकला तं त्याईनबी तोंड फिरवलं."

तांडा खो-खो हसला. बाईसाहेबांचं हसू जागच्या जागी राहिलं. "मग यात काय आहे?"

"मोह," रुपीबाई म्हणाली. "भाजेल मोह, तीळ, चारोळ्या, फुटाने. माह्या खापरावरचं. दूध माह्या शेळीचं. अन् पोरगी माह्या पोराची. तुह्यं काय हाय यात? पत्रा?"

"मोह?" बाईसाहेबांचा आवाज एकदम बारीक झाला. "म्हणजे… दारूचा मोह?"

"फूल हाय बाई. सडवलं तं दारू होते. भाजलं तं कशी होईन? सडवली तं जवारीचीबी होते. मंग भाकर खाऊन झिंगता का तुमी?"

पण बाईसाहेब ऐकत नव्हत्या. त्यांनी ग्लासकडे पाहिलं, मग दुसऱ्या ग्लासकडे. दोन. त्यांचा हात कपाळाला गेला.

"अहो," त्या साहेबांना म्हणाल्या, "मला गरगरतंय. अहो, मला चढलीय! मला चढलीय हो!"

आणि खरोखर त्यांचा तोल गेला. मी आयुष्यात बरीच सोंगं पाहिली, पण ते सोंग नव्हतं. तिळानं आणि फुटाण्यानं त्या बाईला खरोखर चढली. टेबलाची चादर धरून त्या बसल्या, एक ग्लास फुटला, चष्मा मांडीवर पडला. साहेब "पाणी, पाणी" करत निंबाभोवती फिरले. पाहुण्यांपैकी एकानं लगेच स्वतःची नाडी धरली. उकंडा धावत आला.

"मले तं काईच नाई झालं बाईसाहेब," तो म्हणाला. "तीन गिलास पेलो. अजून असन तं देऊन पाहा."

त्याच्या खांद्यावर भार टाकून त्या जीपकडे चालल्या. सरळ वाट होती, तरी बाई झोकांड्या खात गेल्या. फोटोग्राफर शहाणा नव्हता. त्यानं तोही फोटो काढला.

मी रुपीबाईकडे वळले. ती मानीच्या नाकावरचा फेस पुसत होती.

"सगळ्याइसमोर माहंच दाखवतो म्हनली होती," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. बायको घरी अंथरुणावर होती, डोक्याला पट्टी बांधून. बायको समोर नसली की साहेब अगदी साहेब व्हायचे. त्यांनी टेबलावर दोन कागद ठेवले.

एक पोलिसांकडे द्यायची तक्रार होती. धावजी नाईकाच्या तांड्यावर मोहफुलांचा साठा आहे, आणि ग्रामसेविका आयशाबी हिनं लहान मुलांना आणि पाहुण्यांना मादक पेय पाजलं. दुसरा अहवाल होता. चॉकलेटची पूड आणि सरकारी दूध भुकटी यांपासून केलेल्या सकस पेयानं बालिका मानी हिचं वजन दीड किलो वाढलं. खाली माझ्या सहीची जागा.

"यावर सही केलीस तर पहिला कागद मी फाडतो," साहेब म्हणाले. "नाहीतर उद्या तांड्यावर झडती. जेवढी फुलं सापडतील तेवढी जप्त. शेर असो, पोतं असो. विचार कर."

माघ चालू होता. नवी फुलं पडायला दीड महिना होता. रुपीबाईच्या घरात दोन गाडगी होती. ती गेली तर मानीला काय द्यायचं? भुकटी? मानी आत्ता कुठे परत साडेसातला आली होती. मी सही केली.

मी मानीसाठी सही केली असं मी पुढे स्वतःला सांगत आले. पण त्या दिवशी माझ्या मनात शेराही होता. दोन्हींतलं कोणतं जास्त होतं ते मला आजही वेगळं काढता येत नाही, आणि मी प्रयत्न केला आहे.

सायकलवरून परत येताना नाल्यापाशी चेन उतरली. ती बसवत असताना मला कळलं. तो पहिला कागद साहेब जन्मात पाठवू शकत नव्हते. पाठवला असता तर पोलिसांनी विचारलं असतं, पाहुणे कोण होते? कोण प्यायलं? दारूबंदीच्या काळात ब्लॉकच्या साहेबांची बायको सरकारी कार्यक्रमात दोन ग्लास पिऊन झोकांड्या खात गेली, चाळीस बायांनी पाहिलं आणि फोटोही निघाला. माझ्यापेक्षा तेच जास्त घाबरले होते. मी "द्या पाठवून" एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. ही अक्कल मला सही केल्यावर आली, हात ग्रीसनं काळे झालेले असताना.

मी तशीच तांड्यावर गेले. रुपीबाई खापरापुढे बसली होती. फुलं नुकती तांबडी व्हायला लागली होती. मी तिला दोन्ही कागदांचं सांगितलं. ती लाकूड मागे ओढत ऐकत राहिली.

"सही केली?"

"केली."

"काय लिवलं हाय त्याच्यात?"

"डब्यानं वाढली म्हणून."

तिनं फुलं उतरवली, हात झटकले आणि धनीबाईला हाक मारून टेबलावर राहिलेला, आता रिकामा केलेला तो डबा आणायला सांगितला. माझा काटा कार्यक्रमाच्या दिवसापासून आढ्याला टांगलेलाच होता. तिनं डबा त्याच्या आकड्याला अडकवला आणि मागे सरून उभी राहिली.

"सांग."

काटा हलला नव्हता. कापूस तोलायचा काटा तो, पत्र्याच्या डब्यानं काय हलणार.

"काही नाही," मी म्हटलं.

"मोठ्यानं सांग. धनीले ऐकू जाऊ दे."

"काही नाही."

तिनं डबा काढून अंगणात भिरकावला. शेळी दचकून बाजूला झाली. मग झोळी अडकवली आणि मानीला आत घातलं. मानीनं आधी शेळीला, मग मला शिवी दिली. काटा खाली आला, थरथरला, थांबला.

"पावणेआठ."

"लिव."

मी ऑफिसची वही काढली. रुपीबाईनं ती माझ्या हातातून घेतली, परत माझ्या पिशवीत खुपसली आणि चुलीतला कोळसा माझ्यापुढे धरला.

"त्याच्यात नको," ती म्हणाली. "भिताडावर लिव."

मी तिच्या घराच्या शेणानं सारवलेल्या भिंतीवर, खापराच्या बरोबर वर, कोळशानं पावणेआठ लिहिलं. पुढच्या सोमवारी त्याच्याखाली आठ.